डाव्या बुटाचे तीन थर

ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणतात. सर्जन म्हणाला, त्याच्या हाताखालचे म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या नणंदेनं तर मी शुद्धीवर यायच्या आत अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं. एक्स-रेमध्ये माझा नवा खुबा इतका सुबक दिसतो की दागिन्यांच्या दुकानात काचेखाली मांडून ठेवावा. ज्या बाईच्या अंगात तो बसवला तिला मात्र कोणी धड विचारलं नाही. "आता कसं वाटतंय?" असं म्हणून माणसं उत्तराची वाट न बघता आपल्या मावसभावाच्या गुडघ्याकडे वळतात.

मी टपाल वाटते. सव्वीस वर्षं एकच बीट माझ्याकडे होतं. नऊ गल्ल्या, चारशे बारा दारं. कोणत्या दाराची घंटा बंद आहे, रजिस्टर पत्रावर सही करायला कोणाला आधी चष्मा शोधावा लागतो, कोणत्या आजोबांना ऐकू येत नाही म्हणून खिडकीवर टिचकी मारायची, हे सगळं पायांना पाठ होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. त्यातला उजवा पाय चार वर्षांपूर्वी कुरकुरायला लागला. मी कानाडोळा केला. आधी जिने चढताना जांघेत कळ यायची, मग उतरताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. शेवटी एका सकाळी तिसऱ्या गल्लीत कोणाच्या तरी पायरीवर टेकले ती उठताच येईना. ज्यांना मी रोज पत्रं द्यायचे त्या माणसांनी मला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात बसवलं. लाजेनं मेले. त्याच आठवड्यात ऑपरेशनला हो म्हटलं.

रजा सहा महिन्यांची मिळाली. नियम असा की रजा संपली की ऑफिसच्या डॉक्टरसमोर काठीशिवाय चालून दाखवायचं. जमलं तर बीट परत. नाही जमलं तर बीट कायमचं दुसऱ्याच्या नावावर, आणि वैद्यकीय कारणावरून निवृत्ती. बसून करायची कामं आमच्या पोस्टात दोनच, आणि ती ज्यांच्याकडे आहेत ते दोघे खुर्चीला असे चिकटलेत की त्यांना खुर्चीसकटच घरी पाठवावं लागेल. मला पगाराची एवढी फिकीर नव्हती, घर चालत होतं. मला माझ्या नऊ गल्ल्या हव्या होत्या. सकाळी आठला खांद्यावर थैली घेऊन निघायचं आणि एकला रिकामी थैली घेऊन परतायचं, याशिवाय दुसरं काही मला येतही नाही आणि आवडतही नाही.

घरी आले तेव्हा हातात नियमांचा कागद होता. खाली वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. झोपताना पाठीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. संडासातल्या सीटवर चढवायला प्लॅस्टिकची उंच बैठक आणली, तिच्यावर बसलं की परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं. मोजे नवरा चढवून द्यायचा. पडलेली वस्तू उचलायची तर चिमट्याची काठी. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या हातून जेवढ्या वस्तू पडल्या तेवढ्या चोपन्न वर्षांत पडल्या नसतील.

आणि दुखणं. त्याबद्दल कागदावर एवढंच होतं की काही आठवडे अस्वस्थता जाणवेल. अस्वस्थता! खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं दुसऱ्याच कोणाच्या तरी पायानं टाकल्यासारखी पडायची. टाक्यांच्या बाजूची मांडी बधिर, आतून मात्र ठणका. वन्सं, म्हणजे माझी नणंद, रोज खाली येऊन सांगायच्या की त्यांच्या ओळखीतली एक बाई महिन्याभरात लग्नात नाचली. मी त्या बाईचा पत्ता मागितला. तिला नोटीस पाठवावी असं मनात होतं.

पण या सगळ्याहून वेगळी एक गोष्ट होती. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले तेव्हाच मला कळलं की उजवा पाय लांब झालाय. थोडासा नाही, चांगला लांब. डावं पाऊल टाकलं की खड्ड्यात गेल्यासारखं व्हायचं. व्यायाम शिकवणारी मुलगी होती, तिशीच्या आतली, मला काकू म्हणायची. तिला सांगितलं. ती म्हणाली, असं पुष्कळांना वाटतं, सांध्याभोवतीचे स्नायू आखडलेले असतात म्हणून कंबर एका बाजूला वर ओढली जाते. पाय लांब झालेला नसतो, तसा भास होतो. व्यायाम केले की तीन-चार महिन्यांत जातो. आणि ती जाताजाता म्हणाली, "काकू, तोवर बुटात काही घालू नका हं."

आता हे तिनं कोणाला सांगितलं? एका बूट बनवणाऱ्याच्या बायकोला.

माझ्या नवऱ्याला सगळा बाजार उस्ताद म्हणतो. दुकान आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. पोलिओ झालेली पोरं, अपघातात पाय आखूड झालेली माणसं, जन्मापासून लंगडणाऱ्या बायका लांबून त्याच्याकडे येतात. तो एका बुटाचा तळ असा उंच करून देतो की बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेली तीस वर्षं माझ्या पायातले बूट त्याच्याच हातचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं माझ्या चेहऱ्याआधी माझी चाल बघितली होती, हे तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगतो.

पाचव्या आठवड्यात वॉकर जाऊन काठी आली. मी दुकानातून स्वयंपाकघराकडे जात होते. उस्तादनं हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली आणि बघत राहिला. काय बघतोय ते मला कळत होतं. मी म्हटलं, माझ्या ढुंगणाकडे बघायचं वय गेलं आता. तो हसला नाही. त्यानं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, टेप काढली, आणि कमरेच्या हाडापासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. उजवी बाजू बारा मिलिमीटरनं जास्त भरली.

मी व्यायामवाल्या मुलीचं म्हणणं सांगितलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "ती हाडं शिकली आहे. मी चाल शिकलोय. भासाला बारा मिलिमीटर लांबी नसते."

त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे, माप उभं करूनच घ्यायचं. वजन पडल्याशिवाय पाय खरं बोलत नाही, हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. पावलासाठी ते अगदी बरोबर आहे. बसलेल्या माणसाचं माप घेऊन केलेला बूट चावतोच. कमरेपासूनचं मापही तो तसंच घेत आला होता आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत ते चुकलं नव्हतं, कारण त्यांचे पाय खरोखरच आखूड होते. माझी कंबर एका बाजूला ओढली गेली होती. टेपला ते कसं कळणार, आणि टेपवर विश्वास ठेवणाऱ्याला तरी कसं कळणार.

त्यानं डाव्या बुटाला चार मिलिमीटरचा एक थर लावला. फार नाही, म्हणाला, हळूहळू जाऊ. चामड्याची पट्टी कापली, कडा तासून निमुळती केली, सोल्युशन लावून हातोडीनं ठोकली, शिवली, काळा रंग दिला. दुपारी चारला बूट माझ्या पायात आला. मी उभी राहिले आणि मला रडू आलं. कित्येक आठवड्यांनी जमीन सपाट लागली होती.

इथं सगळं त्याच्या माथी मारणं सोपं आहे, आणि काही दिवस मी तेच केलं. पण खरं सांगायचं तर दुसरा थर मी मागितला. आठव्या आठवड्यात. तिसराही मीच मागितला. व्यायाम म्हणजे नाकी नऊ आणायचे. कुशीवर पडून पाय वर उचलायचा, दहा वेळा, तीनदा, आणि प्रत्येक वेळी जांघेत कोणीतरी पिरगाळल्यासारखं व्हायचं. त्या मुलीकडे जाताना मी मुद्दाम सपाट चपला घालायचे, म्हणजे तिला थर दिसू नयेत. ती बिचारी म्हणायची, काकू अजून एका बाजूला झुकताय, घरी करता ना सगळं? मी म्हणायचे करते. घरी येऊन बूट घातला की झुकणं गायब. मग ते हाल कशाला करून घ्यायचे? दहाव्या आठवड्यात मी तिच्याकडे जाणं बंद केलं. तिचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

चौथ्या महिन्यात मी काठी सोडली. वन्संना दाखवायला जिना चढून त्यांच्या दारात गेले. त्यांनी ओळखीतल्या नाचणाऱ्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही, यातच सगळं आलं. पाचव्या महिन्यात माझं बीट तात्पुरतं सांभाळणारा पोरगा घरी आला. पोरगा म्हणजे तिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप, पण पाय इतके लांब की मी पहिल्या दिवशीच त्याचं नाव लांबटांग्या ठेवलं होतं. सातव्या गल्लीतली मागची दारं कोणती, ते त्याला सापडत नव्हतं. मी त्याला कागदावर काढून दिलं. जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही परत याल तेव्हा तुमचं बीट जसंच्या तसं तुमच्या हातात देतो." मी म्हटलं, महिनाभर थांब.

कंबर दुखत होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. खुब्यात नाही, त्याच्या वर, डाव्या बाजूला. चालून चालून दुखत असेल असं मी मनाला समजावत होते. आपण जे ऐकायचं नाही असं ठरवतो ते ऐकू येत नाही, त्याला कान चांगले असून उपयोग नाही.

तपासणीच्या दिवशी उस्ताद दुकान बंद करून बरोबर आला. त्यानं माझ्या बुटांना सकाळी स्वतः पॉलिश केलं. ऑफिसचा डॉक्टर वयस्कर होता, निवृत्तीला आलेला, सगळ्याला कंटाळलेला. उस्ताद बाहेर बाकावर बसला. डॉक्टरनं मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. मी गेले आणि आले. असं चालले की मीच खूश झाले. खांदे सरळ, पावलं सारखी, काठी नाही. डॉक्टरनं मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर काहीतरी लिहायला सुरुवात केली. मग न बघताच म्हणाला, "आता बूट काढून एकदा."

मी म्हटलं, बूट घालूनच तर टपाल वाटायचं असतं. तो म्हणाला, नियम आहे.

मी बूट काढले. फरशी गार होती. पहिल्याच पावलाला उजवी बाजू वर उचलली गेली आणि सगळं अंग डावीकडे कललं. मी भिंतीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. सातव्या पावलाला लावला. परत येताना तर भिंत सोडलीच नाही. डॉक्टर आता कंटाळलेला दिसत नव्हता. त्यानं मला टेबलावर पाठीवर झोपवलं, कंबर दोन्ही हातांनी धरून सरळ केली, ओढ लागली तशी मी ओरडले, आणि त्यानं कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत टेप लावली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग फाइलमधला एक्स-रे उजेडात धरला.

"दोन्ही पाय सारखे आहेत, बाई," तो म्हणाला. "ऑपरेशन झालं त्या दिवसापासून सारखेच आहेत."

त्यानं माझा डावा बूट उचलला, उलटा केला, टाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुणी केलं, असं विचारलं. मी म्हटलं, घरीच. तो म्हणाला, काम फार सफाईदार आहे, मलाही कळलं नव्हतं. मग त्यानं समजावलं. जे स्नायू ताणून मोकळे व्हायचे होते त्यांना या बुटानं ताणूच दिलं नाही. आखडले ते आखडले, आणि आता पाठही त्याच बेतानं वळली. त्यानं फॉर्मवर अपात्र लिहिलं. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी मागता येते, तीही शेवटची, तोवर बीट राखून ठेवतात, एवढं तो स्वतःहून म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

बाहेर आले तेव्हा उस्ताद उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला ती बघवेना. मी फक्त म्हटलं, पुन्हा बोलावलंय. रिक्षात तो म्हणाला, अजून दोन-तीन मिलिमीटर कमी पडतंय बहुतेक, संध्याकाळी बघतो. मी बाहेर बघत बसले. आमची रिक्षा माझ्या पाचव्या गल्लीवरून गेली.

घरी गेल्यावर तो खरंच पट्टी कापायला बसला. तेव्हा मी सांगितलं. डॉक्टर जे बोलला ते तसंच्या तसं. त्यानं रापी थांबवली नाही. म्हणाला, मापात चूक नाही, मी दोनदा घेतलं होतं. मग उठला आणि मला भिंतीला उभं केलं. बारा मिलिमीटर. बघ, म्हणाला. मी आत गेले, पलंगावर पाठीवर पडले आणि डॉक्टरनं धरली तशी कंबर धरायला त्याला सांगितलं. त्यानं धरली. टेप लावली. उजवीकडे, डावीकडे. पुन्हा उजवीकडे. चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा मोजलं. मग टेप गुंडाळायची तर त्याच्या बोटांना ती गुंडाळता येईना.

तो पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "मी तुझा पाय घालवला."

मी म्हणायला हवं होतं की नाही हो, दुसरा आणि तिसरा थर मीच मागितला, मुलीनं बजावलं होतं ते मीच उडवून लावलं. मी म्हटलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आणि त्याला त्रास होतोय याचं मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या मुलीकडे गेलो. दोघंही. तिनं बूट बघितला आणि तिचा चेहरा पडला. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. म्हणाली, दर पंधरा दिवसांनी एक थर काढायचा, रोज दोनदा व्यायाम, आणि दुखेल, आधीपेक्षा जास्त दुखेल. मी विचारलं, तीन महिन्यांत सरळ चालेन का? तिनं बूट खाली ठेवला. म्हणाली, "वेळेवर आला असता तर मी नक्की म्हटलं असतं, काकू. आता प्रयत्न करू."

पहिला थर उस्तादनं त्याच संध्याकाळी काढला. ठोकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ लावला. शिवण उसवली, पकडीनं चामडं ओढलं. त्याचंच काम, पक्कं, सहजासहजी सुटेना. मी पाय घातला आणि जमीन पुन्हा खड्ड्यात गेली. चार मिलिमीटर म्हणजे किती, करंगळीच्या अर्ध्या नखाएवढं. तेवढ्यानं मी परत काठीवर आले. पंधरा दिवस मी कुशीवर पडून पाय उचलत होते आणि दात आवळून धरत होते. उस्ताद शेजारी बसून मोजायचा. आठ, नऊ, दहा. त्याचा आवाज दहापर्यंत जाता जाता बसायचा. मी एकदा ओरडले की मोजू नका, तर त्या दिवसापासून तो बोटांवर मोजायला लागला.

दुकानात तो टाचा बदलायचा, शिवणी घालायचा. उंच तळाचं काम त्यानं घेणं बंद केलं. एक बाई आपल्या मुलीला घेऊन दोन तासांचा प्रवास करून आली होती, तिला त्यानं हात जोडून परत पाठवलं. ती बाई दारात उभी राहून मला विचारत होती की त्यांना बरं नाही का. मी म्हटलं, हो, बरं नाही. तो रोज माफी मागायचा. सकाळी चहा देताना, मोजे चढवताना, मी खुर्चीतून उठताना. एखाद्याची माफी ऐकणं हेही कष्टाचं काम असतं, विशेषतः पायावर उभं राहता येत नसेल तेव्हा. एकदा मी म्हटलंच, अहो पुरे, मी थकले. तर त्याचीही माफी मागितली.

दुसरा थर काढला आणि मग खरे दिवस फिरले. पाठीत अशी कळ यायला लागली की बाथरूमपर्यंत जायला मला दोन थांबे घ्यावे लागायचे. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, कळ तशीच. मुलगी म्हणाली, याच टप्प्यात सगळ्यांना सोडावंसं वाटतं, सोडू नका. तिनं जीव तोडून मेहनत घेतली, तिला मी बोल लावणार नाही. पण रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी बघायचे. उजवा खांदा खाली, कंबर वर. दोन आठवड्यांनीही तसंच. सहा आठवड्यांनीही. शेवटच्या तपासणीला पाच आठवडे उरले होते आणि कळेपायी पुढे ढकललेला तिसरा थर अजून बुटालाच होता.

एका सकाळी दारावरची घंटा वाजली. लांबटांग्या होता, रजिस्टर घेऊन. उस्तादच्या नावाचं काहीतरी होतं. मी काठी टेकत उठले, भिंत धरून दारापर्यंत आले. तेवढ्या वेळात त्यानं समोरच्या घरात पत्र टाकून, शेजारच्या दाराशी दोन शब्द बोलून, परत येऊन उभं राहायचं काम केलं होतं. माझी वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, आणि तेच मला लागलं. मी सव्वीस वर्षं हातात रजिस्टर धरून म्हाताऱ्यांची अशीच वाट बघत उभी असायचे, त्यांना घाई वाटू नये म्हणून तोंडावर हसू ठेवून. सही करायला मी काठी काखेत धरली. तो म्हणाला, सावकाश, ताई. आणि सातव्या गल्लीतली मागची दारं आता त्याला पाठ झालीत, हेही त्यानं सांगितलं. मला आनंद होईल असं त्याला वाटलं असावं.

तो गेला. त्याची पावलं गल्लीतून लांब जाताना ऐकत मी दारात उभी राहिले. टक, टक, टक, सारखी. मी आत आले, बूट काढला, आणि दुकानात जाऊन उस्तादच्या पुढ्यात ठेवला.

"काढलेले दोन्ही थर परत लावा," मी म्हटलं.

त्यानं बूट हातात घेतला. म्हणाला, पाच आठवडे आहेत अजून. ती मुलगी म्हणत होती की... मी म्हटलं, ती काय म्हणत होती ते मी रोज ऐकते. मला दुखतंय. मला आता नाही जमत. तो म्हणाला, एकदा लावले की मग कधीच नाही, तुला कळतंय ना. मी म्हटलं, मला कळतंय. "दुसरा आणि तिसरा मीच मागितला होता," मी म्हटलं. "तुम्ही नाही घालवला माझा पाय. आपण दोघांनी मिळून घालवला. आता लावा."

तो रडला. आवाज न करता, मान खाली घालून. मग त्यानं जुन्या चामड्यातून पट्टी शोधली आणि कापायला बसला. मी बाजूच्या उंच स्टुलावर बसून ऑफिसला अर्ज लिहिला, की प्रकृतीच्या कारणानं मी पुढच्या तपासणीला येऊ शकत नाही, बीट संबंधितांच्या नावे करावं. चार ओळींचा अर्ज. अक्षर चांगलं आलं. उस्तादचे हात गेले कित्येक आठवडे पेलासुद्धा धड धरत नव्हते. आता त्यानं कडा तासली, सोल्युशन पसरलं, फुंकर घातली, आणि हात जराही हलत नव्हता. मी ते बघितलं आणि मला कळलं की मी त्याला माफ केलंय. आणि त्यासाठी कशाची किंमत दिली, तेही कळलं.

बूट तयार झाला. त्यानं खाली बसून तो माझ्या पायात चढवला, नाडी बांधली, आणि बाजूला झाला. मी काठी स्टुलाला टेकवून ठेवली आणि चालले. दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अकरा पावलं. जमीन सपाट होती. दुखलं नाही. उस्ताद म्हणाला, सुरेख पडतंय पाऊल.

पडत होतं खरं. मी भिंतीशी पोचले, वळले, आणि परत अकरा पावलं आले. त्याहून लांब जायला आता कुठंच नव्हतं.